अर्ध्या कोटाची गोधडी

कोट सोपवायच्या रविवारी सकाळी मोजणीदाराने बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर ओढलं, त्यावर एक वस्तू पसरून वरून धुतलेली चादर घातली आणि बायकोला म्हणाला, "आता जे व्हायचं ते होईल."

"काय व्हायचंय? महाभारत होईल," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "तुम्ही करून ठेवलंयत, तुम्हीच निस्तरा. मी फक्त चहा करणार."

पोस्टमास्तर वडिलांच्या कोटाची कथा या घराण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. वडील गेले, घर विकलं गेलं, भांडीकुंडी वाटली गेली, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. घोडं अडलं ते कोटापाशी. गुडघ्यापर्यंत लांब, काळ्या जाड लोकरीचा, सात पितळी बटणांचा हा कोट वडिलांनी आपल्यालाच द्यायचं कबूल केलं होतं असं दोघेही मुलगे छातीठोकपणे सांगत होते. थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या, पोटावर त्याची बटणं लागत नव्हती आणि धाकट्याची बोटंसुद्धा त्याच्या बाह्यांत बुडून जात होती. पण प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाचा प्रश्न निघाला की या घरात अंगाचं माप बघायची रीत नाही. शेवटी सगळ्यांत थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, निवाडा दिला: सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. ताई मुख्याध्यापिका होती, त्यामुळे अपील नव्हतं.

तेव्हापासून सतरा वर्षं, वर्षातले दोन रविवार, कोट एका घरातून दुसऱ्या घरात जात होता. ताई वही घेऊन यायची. वहीत बटणांची संख्या, कसरीची भोकं, अस्तराची अवस्था, आतल्या खिशावरचा शाईचा डाग यांची नोंद व्हायची, आणि खाली दोन्ही भावांच्या सह्या. त्या दोन रविवारांखेरीज भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत. दोन घरांमधलं अंतर सव्वातीन किलोमीटर होतं. धाकट्याने, म्हणजे मोजणीदाराने, ते स्वतः मोजलं होतं, कारण आयुष्यभर त्याने लोकांच्या जमिनी मोजून दिल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

खरं तर गोधडीचं खूळ त्यातूनच निघालं. निवृत्तीनंतरच्या चौथ्या महिन्यात तो स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची मोजून बायकोला ती कशी चुकीची आहे हे समजावत होता, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"जन्मभर दुसऱ्याचं मोजलंत," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने एक तरी वस्तू बनवलीत का? साधी उशीची खोळ?"

हे त्याला लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एका परक्या मुलखातल्या बाईचा व्हिडिओ बघितला. ती हसत हसत चौकोन जोडत होती आणि वीस मिनिटांत तिची गोधडी तयार झाली. वीस मिनिटांचं काम असेल तर आपल्याला सहा महिने पुष्कळ झाले, असा त्याने हिशेब केला. पुढचा कोटाचा रविवार सहा महिन्यांवर होता. सगळे जमतील, आणि सगळ्यांच्या देखत आपण आपल्या हातची गोधडी टेबलावर पसरू. दादासुद्धा बघेल.

बायकोने शिलाई मशीनला हात लावायची मनाई केली, म्हणून सगळं हाताने करायचं ठरलं. सुरुवातीचे पंधरा दिवस साधा धावदोरा शिकण्यात गेले. टाके कधी मुंगीएवढे पडायचे, कधी झुरळाएवढे. सुई टोचू नये म्हणून बोटावर अंगुस्तान घालायचं म्हणजे बायकी काम, असं म्हणून त्याने ते घातलं नाही. आठवड्याने दोन बोटांना पट्ट्या बांधल्यावर चुपचाप घातलं. वरचा थर, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर आधी कच्च्या टाक्यांनी एकत्र धरून ठेवायचे असतात, हे व्हिडिओतली बाई दोनदा म्हणाली होती. पण कच्चं काम करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सरावाच्या तुकड्याला त्याने थेट पक्के टाके घातले, आणि कोपरा उचलून बघतो तर तुकडा खालच्या पलंगपोसासकट वर आला. बायको इतकी हसली की शेजारीण विचारायला आली.

तरी गडी हटला नाही. त्याने कागदावर गोधडीचा नकाशा काढला. घरातले जुने शर्ट, पडदे, बायकोचे गाऊन यांतून चार इंच बाय चार इंचाचे एकशे शहाण्णव चौकोन कापले. चौदा ओळी, ओळीत चौदा चौकोन. लांबीरुंदी छप्पन्न इंच. एकही चौकोन केसभर कमीजास्त नव्हता. चौकोन कापावेत तर मोजणीदाराने, असं बायकोसुद्धा बोलून गेली. पाच महिने जोडणी चालली, आणि कोटाच्या रविवारला आठ दिवस उरले असताना त्याने जोडलेल्या थराला टेप लावली. एकोणपन्नास इंच.

त्याने तीनदा मोजलं. मग टेप बदलून मोजलं.

"अहो, शिवणीत कापड जातं ना," बायको म्हणाली. "प्रत्येक बाजूला पाव इंच दाबलंत. चौकोन राहिला साडेतीन. साडेतीन चोक चौदा... नाही, साडेतीनला चौदाने गुणा."

"एकोणपन्नास," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "पण शिवणीला जागा सोडायची हे कुणी सांगितलंच नाही."

"जो कुणी एकदा तरी बटण लावतो त्याला हे कळतं. म्हणून कुणी सांगत नाही."

जमीन मोजताना हद्द म्हणजे हद्द. दोन शेतं एकमेकांना शिवून टाकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

आता चारी बाजूंनी साडेतीन इंचांची किनार लावायची तर कापड हवं. घरातलं सगळं जुनं कापून संपलं होतं. बाजारातून नवीन आणलं असतं, पण गोधडी जुन्याचीच होते, ही एवढी एकच गोष्ट त्याला कुणी न सांगता ठाऊक होती. दोन दिवस तो घरभर फिरला आणि तिसऱ्या दिवशी कपाट उघडून उभा राहिला.

पोस्टमास्तरांचा कोट त्याच्या तोंडासमोर लटकत होता. आणि कोटाचा अर्धा हिस्सा, कसाही विचार केला तरी, त्याचाच होता.

हे सगळं टेबलावरच्या चादरीखाली झाकलेलं होतं तेव्हा दाराची घंटा वाजली.

दादा आत आला तो नेहमीप्रमाणे कुणाकडे न बघता. तो कोर्टात हेडक्लार्क होता, आणि त्याच्या डोळ्यांत अजूनही समोरच्या अर्जात काहीतरी कमी असल्याचा भाव असायचा. मागून वहिनी आल्या, हातात कोट न्यायची मोठी पिशवी घेऊन. शेवटी ताई आली. तिने वही उघडली, चष्मा चढवला आणि खुर्चीत बसली.

"आणा मुद्देमाल," दादा म्हणाला.

मोजणीदाराने घसा साफ केला. "त्याआधी मला एक वस्तू दाखवायची आहे."

"अजेंड्यावर नाही," दादा म्हणाला.

"दाखवू दे रे," ताई म्हणाली. "दोन मिनिटं."

त्याने वरची चादर ओढली. खाली गोधडी होती. मधे एकशे शहाण्णव चौकोन, काही कोपरे जुळलेले, बरेचसे न जुळलेले, मागच्या बाजूला इथे तिथे सुरकुत्या, आणि चारी बाजूंनी काळ्या लोकरीची रुंद किनार. मोजणीदाराचे कान तापले.

"भाऊजी, तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही शिवलीत? हाताने?"

"हाताने."

"अगोबाई! आणि आमच्याकडे बघा, निवृत्त झाल्यापासून नुसता पेपर. तोसुद्धा मीच उचलून ठेवायचा." त्यांनी पुढे होऊन गोधडीवरून हात फिरवला. हात किनारीवर आला आणि थांबला. त्यांनी वाकून वास घेतला. डांबराच्या गोळ्यांचा तो वास त्यांच्या कपाटात सतरा वर्षं आलटूनपालटून मुक्कामाला होता. "अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या आणि धाकट्या जावेकडे बघितलं. धाकट्या जावेने होकारार्थी मान हलवली.

दादाने जावाजावांची ती नजर टिपली. "कोट कुठाय?" त्याने विचारलं.

मोजणीदार आत गेला आणि हँगर घेऊन आला. हँगरच्या उजव्या बाजूला कोट होता. डाव्या बाजूला नुसता हँगर होता.

"हा तुझा हिस्सा," तो म्हणाला. "पाठीच्या मधल्या शिवणीवरून सरळ रेषेत. कॉलरही निम्मी. मोजून घे, सुताचाही फरक नाही."

दादा उठला. बसला. पुन्हा उठला. "तू वडिलांचा कोट कापलास?"

"माझा अर्धा कापला. तुझ्या अर्ध्याला मी कात्री लावलेली नाही."

"अर्धा कोट म्हणजे कोट नसतो रे, गाढवा! मी काय एका हाताने घालू तो?"

"तू दोन हातांनी तरी कधी घातलास?" मोजणीदाराचा आवाज चढला. "सतरा वर्षांत एकदा? तुझ्या पोटावर..."

"पोटाचा उल्लेख नको!"

"बरोबर बोलले भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी कपाटाच्या बाजूने आहे," वहिनी म्हणाल्या. "आता निम्मं तरी मोकळं होईल."

"पिशवीही लहान चालेल," धाकटी जाऊ म्हणाली. चहा करण्यापलीकडे यात पडायचं नाही हा तिचा निश्चय इथे संपला. दोघी बायका एका कोचावर शेजारी शेजारी बसल्या. सतरा वर्षांत त्या इतक्या जवळ बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

"शांत!" ताई म्हणाली, आणि सगळे शांत झाले. "नोंद करू दे. कोट, एक..." तिने लिहिलेलं खोडलं. "कोट, अर्धा. उजवी बाजू. बाही एक. बटणं?"

"तीन," मोजणीदार म्हणाला.

"तीन कशी?" दादा गरजला. "बटणं उजव्या बाजूला असतात, डाव्या बाजूला काजं. उजवा हिस्सा माझा, म्हणजे सातही बटणं माझी!"

"मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिच्यासमोर. मला डावी बाजू आली. म्हणजे मी नुसत्या भोकांवर समाधान मानायचं? बटणं वेगळी वाटली. तीन तुला, तीन मला. सातवं समसमान होत नव्हतं, म्हणून बाजूला ठेवलंय." त्याने वाटी पुढे केली. वाटीत एक पितळी बटण होतं, घासून लख्ख केलेलं.

आता गंमत अशी की, या घराण्यात मोठा गुन्हा पचतो पण छोटा वाद पचत नाही. कोट कापला गेल्याचं दुःख दादा दोन मिनिटांत विसरला आणि सातव्या बटणावर तुटून पडला. थोरलेपणाचा मान म्हणून ते आपलं, असं तो म्हणाला. कोट सध्या आपल्या ताब्यात आहे म्हणून आपलं, असं मोजणीदार म्हणाला. ताबा आज दुपारी बारापर्यंत, आता बारा वाजून दहा मिनिटं झालीत, असं दादाने घड्याळ दाखवून सिद्ध केलं. ते घड्याळ पुढे असतं, असं वहिनींनी सांगून टाकलं.

"आळीपाळीने ठेवू," शेवटी दादा म्हणाला. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. ताई, लिही."

ताईने पेन खाली ठेवलं. वाटीत हात घातला, बटण उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

"ताई, हे काय?" दोघेही एकदम म्हणाले.

"ते माझेही वडील होते," ताई म्हणाली.

तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"सतरा वर्षं तुम्ही मला वही लिहायला लावलीत. मी दोन बस बदलून येते, भोकं मोजते, सह्या घेते. तुमच्यापैकी एकाने तरी कधी विचारलं, ताई, तुला हवा होता का गं कोट? मी वडिलांबरोबर रोज पोस्टात जायची. थंडीत ते मला त्या कोटाच्या आत घेऊन चालायचे. मग तुम्ही जन्माला आलात." तिचा आवाज मुख्याध्यापिकेचाच राहिला, पण चष्मा काढून तिने तो उगाचच पुसला. "वाटणी झाली. गोधडी बरी झालीय, धाकट्या. कोपरे जुळवायला शिक. ही वही आता बंद. पुढच्या वेळी मी येणार नाही, कारण पुढची वेळच नाही."

तिने वही मिटली. मोजणीदाराला तेव्हा कुठे कळलं की आपण काय कापलं. कोट फिरायचा म्हणून दादा यायचा. अर्धा कोट आता दादाच्या कपाटात कायमचा राहील आणि अर्धा या गोधडीत, आणि सहा महिन्यांनी या टेबलापाशी कुणी येणार नाही. दादा सत्तरीला आला होता. मुद्देमाल आणा असं आता या घरात येऊन कोण म्हणणार? दादाने मघासारखं पुन्हा एकदा गाढव म्हणावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण भावाला नुसतं ये म्हणायची सवय त्याच्या जिभेला नव्हती.

"बस ना," तो कसाबसा म्हणाला. "चहा व्हायचाय."

"नको," दादा म्हणाला. वहिनींनी अर्धा कोट पिशवीत घातला, तर पिशवी निम्मी रिकामीच राहिली. त्या दारात जाऊन चपला घालू लागल्या. ताई खाली उतरली होती. दादाही निघाला, पण टेबलाजवळून जाताना त्याच्यातला हेडक्लार्क जागा झाला. त्याने गोधडीचा एक कोपरा उचलून डोळ्यांजवळ नेला.

"हे उसवलंय."

"कुठे?"

"हे काय, खिशापाशी." किनारीच्या त्या तुकड्यात वडिलांच्या आतल्या खिशाचं कापड तसंच आलं होतं, शाईच्या डागासकट. तिथले चार टाके सुटून लोकर वर आली होती. दादाने डागावर अंगठा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. "असं अर्धवट ठेवलंस तर महिन्यात चिंध्या होतील. तुझी कामं पहिल्यापासून अशीच."

"शिवतो मी नंतर."

"नंतर म्हणजे कधीच नाही. सुई आण."

"तुला शिवता येतं?"

"तुला तरी कुठे येतं? आण म्हटलं ना."

मोजणीदाराने सुईदोरा आणला. दादा खुर्ची ओढून बसला आणि खिसे चाचपू लागला. जवळचा चष्मा घरी राहिला होता. तरी त्याने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत पिळलं, आणि एक डोळा मिटून सुईवर नेम धरला. दोरा सुईच्या उजवीकडून गेला. मग डावीकडून गेला.

"द्या इकडे, मी ओवून देते," मोजणीदाराची बायको म्हणाली.

"काही गरज नाही," दादा म्हणाला.

"तू मधे पडू नकोस," मोजणीदार म्हणाला. तो भावासमोर बसला आणि सुई आपल्या दोन बोटांत उभी, पक्की धरली. "आता बघ."

"अहो, निघायचं ना?" वहिनींनी दारातून विचारलं. "ताई खाली खोळंबल्यात."

"हा दोरा ओवला की निघू," दादा म्हणाला.

दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली होती. दादाच्या श्वासाचा आवाज मोजणीदाराला ऐकू येत होता. पांढऱ्या दोऱ्याचं टोक हलत हलत पुढे आलं, सुईच्या भोकाशी थबकलं आणि आत शिरून पलीकडे निघालं. मोजणीदाराला ते स्वच्छ दिसलं. त्याने सुई हळूच मागे घेतली, तसं टोक भोकातून निसटून पुन्हा अलीकडे आलं.

"गेला का रे?" दादाने विचारलं.

"नाही अजून," मोजणीदार म्हणाला. "थोडक्यात हुकला. सावकाश कर, घाई नाही."